गोड पेशंट

घंटा वाजली तशी म्हातारीने जिभेवर साखर ठेवली. पलंगावर ती पाय लांब करून बसली होती. समोर फिजिओथेरपी शिकणारी पोरगी घामाघूम उभी होती. कोपऱ्यात बाहेरून आलेले परीक्षक मार्कांचा कागद घेऊन बसले होते आणि त्यांच्या शेजारी पोरीच्या मॅडम, हात मागे बांधून उभ्या.

म्हातारीचा गुडघा कधीच बरा झाला होता. आज तिने फक्त सोंग घ्यायचं होतं. कालच ऑपरेशन झालंय, फार दुखतंय, व्यायाम काही करायचा नाही. पोरीने तिला राजी करायचं, त्याचेच मार्क. (ही म्हातारी कोण ते विचारू नका. लिहिणारीलाही गुडघे आहेत, एवढं पुरे.)

मॅडमनी या कामाला बोलावलं तेव्हा म्हातारीने घरभर मिरवून घेतलं होतं. एवढी शिकलेली माणसं, पण पेशंट कसा असावा हे दाखवायला चौथी नापास बाईच लागली म्हणे. सून ओट्याकडे तोंड फिरवून हसली. कौतुकानेच हसली असणार, असं म्हातारी धरून चालली.

पोरगी ओळखीची होती. ऑपरेशननंतर हीच रोज वॉर्डात यायची. ती चुकली, अडखळली, तरी मॅडम मागे गप्प उभ्या. सगळं झालं की विचारायच्या, कुठे अडलं ते तूच सांग. म्हातारीला ही शिकवायची रीत मुळीच पटली नव्हती. तिने सुनेला शिकवलं ते हातातलं उलथनं काढून घेऊन. वीस वर्षं झाली, सून अजून शिकतेच आहे.

तर ही पोरगी मागच्या वेळी नापास झालेली. आता बुडाली तर शिक्षण बंद, असं बापाने बजावलेलं. ते कळल्यावर म्हातारीला दया आली आणि तिने मनाशी ठरवलं, नाटक गेलं खड्ड्यात, आपण हिला अजिबात छळायचं नाही.

पोरीने भीतभीत म्हटलं, टाच मागे ओढून गुडघा वाकवूया का. म्हातारीने लगेच वाकवला. दुखतंय का? छे, मुळीच नाही. पुन्हा कराल? हो बाळा, तू म्हणशील तितक्यांदा. वर पोरीचा हात किती हलका, याची तारीफ केली आणि परीक्षकांना ऐकू जावी म्हणून जरा मोठ्याने केली.

पोरीचा चेहरा पांढरा पडत चालला. समजूत घालायला समोर कुणी रुसलेलंच नव्हतं, तर मार्क कशाचे द्यायचे? परीक्षकांचं पेन कागदाला टेकेना. त्यांनी घड्याळ पाहिलं. पोरीने मॅडमकडे पाहिलं. मॅडमचे हात मागेच.

मग पोरगी परीक्षकांकडे वळली. पेशंट ठरल्याप्रमाणे वागत नाही, मला पहिल्यापासून सुरुवात करू द्या, असं तिने सरळ सांगितलं. ते हो म्हणाले. ती म्हातारीकडे आली.

"आजी, तुम्ही माझ्यावर दया करत राहिलात तर मी नापास होईन."

चार माणसांत बोल लावला. एवढं गोड वागून हे फळ. म्हातारीचं डोकं सणकलं. तिने पाय खाडकन सरळ केला, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि जाहीर केलं की गुडघा माझा आहे, मी वाकवीन नाहीतर लोणचं घालीन. तुझ्याएवढी तर माझी नात आहे, ती माझ्यापुढे मान वर करत नाही. जा, दुसरं कुणी गिऱ्हाईक बघ.

पोरगी घाबरली नाही. वॉर्डापासून तिला आजीच्या या तोंडाची चांगली सवय होती. तिने स्टूल ओढलं, शेजारी बसली, गुडघ्याचा विषयही काढला नाही. घरी गच्चीवर कपडे कोण वाळत घालतं, एवढंच विचारलं.

सूनच घालते, म्हातारी भिंतीला म्हणाली. पिळत नाही नीट. झटकत तर नाहीच.

"मग जाऊ द्या आजी. गुडघा वाकला नाही तर जिना चढता येणार नाही. सून सुटली म्हणायची."

 मग पलंगावरची टाच हळूहळू मागे सरकू लागली. परीक्षकांचं पेन सुरू झालं ते थांबेचना.

पोरगी पास झाली. बाहेरच्या बाकावर म्हातारी ऐटीत बसली होती. मॅडम दिसताच तिने पदर सावरला आणि आपलं सोंग कसं वठलं ते विचारलं.

"पहिलं फार छान वठलं, आजी," मॅडम म्हणाल्या. "मी तर तुम्हाला ओळखलंच नाही."