एलादिओचं वय

"नव्वद फूट," चिचो म्हणाला. "पहिल्या बेसपर्यंत फक्त नव्वद फूट धावायचं होतं. वर्षाला दोन कोटी डॉलर घेतो, आणि चालत गेला. मिरवणुकीत चालल्यासारखा."

ओतिलिओने डॉमिनोची सोंगटी टेबलावर आपटली. "गुडघा दुखत असेल त्याचा."

"एकोणतिसाव्या वर्षी? मला चौसष्टावं चालू आहे. ऊस तोडून कंबर गेली. तरी बायको झाडू घेऊन निघाली तर तुझ्याआधी कोपऱ्यावर पोचेन मी."

"तुझ्यामागे बायको आहे म्हणून तू धावतोस."

"फाउस्तो," चिचोने दुकानाकडे मान वळवली, "तू थोरला भाऊ. तूच सांग. एलादिओ खरंच एकोणतीसचा आहे का रे?"

लोखंडी जाळीआडचा माणूस बर्फ फोडत होता. उजवा कोपर त्याला पुरता सरळ करता येत नसे, त्यामुळे तो डाव्या हाताने फोडी.

"पेपरात लिहिलंय ना," तो म्हणाला आणि जाळीच्या खिडकीतून बर्फ बाहेर सरकवला.

रेडिओ: प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, तेव्हा बेसबॉलपटू एलादिओ पाऊलिनोने टोपी जमिनीवर फेकली. त्याच्या वयाबद्दलच्या अफवांची चौकशी करायला क्लबचा माणूस बेटावर आला असून, खोटेपणा निघाल्यास करार ताबडतोब

वीज गेली.

"ताबडतोब काय?" चिचोने विचारलं.

"रद्द. दुसरं काय."

गावचा पाण्याचा पंप एलादिओच्या पैशावर चालत होता. ओतिलिओच्या मुलीच्या ऑपरेशनचा खर्चही त्यानेच केला होता. करार झाला त्या वर्षी एलादिओने आईला आणि भावाला या गावात आणलं, घर घेऊन दिलं, पुढे दुकान काढून दिलं. त्याआधी ही माणसं कुणाच्या ओळखीची नव्हती.

"वाढवलंही असेल त्याने वय," ओतिलिओ हळूच म्हणाला.

"वाढवलं नाही, कमी केलं. सतरा वर्षांचं पोर म्हटलं की ते अमेरिकेचे क्लबवाले घेतात. एकवीस म्हटलं की घरी जा म्हणतात."

"बरं, केलं. कुणाचं काय गेलं?"

जाळीआडच्या माणसाने बर्फ फोडायचा टोच्या खाली ठेवला.

क्लबचा माणूस दुपारीच आला. नाव डॉसन, घामाने भिजलेला, स्पॅनिश मात्र फर्मास. त्याने थंड पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि म्हणाला, "कागद बरोबर आहेत. शाळा, चर्च, सगळं जुळतं. मी फक्त माणसांशी बोलतोय. तुम्ही थोरले? वाटत नाही."

"सावलीत बसून तांदूळ विकतो तो," चिचो म्हणाला. "सुरकुत्या येणार कुठून?"

"भावाच्या लग्नाला न्यूयॉर्कला तुम्ही दिसला नाहीत."

"दुकान कोण बघणार?"

"खेळायचात तुम्हीही?" डॉसन कोपराकडे पाहत होता.

"कोण खेळत नाही इथे?"

डॉसन हसला. "आईंना भेटता येईल?"

बाहेर दोघांच्या हातातल्या सोंगट्या थांबल्या. ही आई, दोन्या एर्मिनिया, कधी खोटं बोलत नसे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आदल्याच दिवशी तिने भर दुकानात गिऱ्हाइकाला सांगितलं होतं की तांदळात किडे आहेत, घेऊ नकोस.

"आई झोपलीय," तो म्हणाला.

"जागी आहे मी," आतून आवाज आला. "पाठव रे पोरा त्यांना."

त्याने कुलूप काढलं. किल्ली दोनदा चुकली. डॉसनच्या मागे तो आत गेला आणि दाराशी उभा राहिला. आईला खरं काय ते बोलू दे, असंही त्याला वाटलं. एकदाचं बोलून टाकू दे. मग पंप बंद पडो, दुकान जावो.

दोन्या एर्मिनिया झुलत्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. समोर भिंतीवर बॅट उचललेल्या खेळाडूचा मोठा फोटो होता.

"एलादिओचा जन्म कधीचा, आई?" डॉसनने विचारलं.

"चर्चचं छप्पर उडालं त्या रात्रीचा. आमच्या जुन्या गावात. बाहेर वादळ, आत मी ओरडतेय. सुईण कंदील छातीशी धरून बसली होती."

"नक्की एलादिओच?"

"दोनच पोरं मला. त्यातला धाकटा जन्मला ती रात्र मी विसरेन?"

डॉसनने मान डोलावली. छपराबद्दल त्याने जुन्या गावात विचारलं असणार. "म्हणजे एकोणतीस वर्षं."

"एकोणतीस."

"बायबलवर हात ठेवून सांगाल?"

"ठेव आणून."

तिने हात ठेवला.

"आठवण येते का त्याची?"

"आठवण कशाला? रोज बघते की त्याला."

डॉसनने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, अदबीने टोपी उचलली आणि बाहेर आला. "झालं माझं काम," तो म्हणाला. "इतकी सरळ बाई मी आजवर पाहिली नाही."

गाडी वळली. ओतिलिओने चिचोला मिठी मारली. चिचोने रमची बाटली मागितली आणि म्हणाला, आपला कधी संशय नव्हताच. वीज आली.

रेडिओ: आणि मैदानात उतरतोय

"एलादिओ!" बाहेर सगळे ओरडू लागले. "एलादिओ! एलादिओ!"

त्याने जाळीच्या खिडकीतून बाटली दिली, दाराला पुन्हा कुलूप लावलं आणि आत गेला. दोन्या एर्मिनियाने मांडीवरच्या शेंगा बाजूला ठेवल्या. त्याचा वाकडा कोपर दोन्ही हातांत धरला, लहानपणी तेल चोळायची तसा.

"सगळं खरंच सांगितलं मी," ती म्हणाली. "तरी थोरल्याच्या नावातून नाही सुटलास, एलादिओ."