हा कर

डॉक्टरीणबाईंनी माझ्या मुलीच्या डोळ्यात दिवा धरला आणि बुबुळाभोवतीचं तपकिरी कडं मला दाखवलं. मग लघवीच्या तपासणीचा कागद माझ्यापुढे सरकवला.

"हिचं लिव्हर तांबं बाहेर टाकत नाही. ते साठत जातं, म्हणून हात थरथरतात, जीभ जड होते. आईवडील दोघांकडून आलेला आजार आहे. जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील, पण वेळेत सापडलाय. आता हिच्या सख्ख्या भावंडांना तपासायला हवं."

"थोरला होता," मी म्हणालो. "तीन वर्षांपूर्वी गेला. लिव्हरनंच. पण त्याचं वेगळं होतं, तो प्यायचा."

"तुम्ही पाहिलंत पिताना?"

"पाहायला कशाला हवं? हातातला कप हिंदकळायचा, बोलताना जीभ अडखळायची. विसाव्या वर्षी दुसरं काय असणार?"

तपासणीच्या खुर्चीवरून मुलगी जड जिभेनं, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "बाबा रोज संध्याकाळी त्याला दारात उभं करायचे. 'हा कर' म्हणायचे. तोंडाचा वास घ्यायला."

"मग, यायचा वास?" बाईंनी मला विचारलं.

मी हातातल्या कागदाची घडी घालत राहिलो. वास एकदाही आला नव्हता. म्हणूनच तर मी त्याला दोन जास्त ठेवून द्यायचो. वाटायचं, आता हा बापाच्या नाकालाही फसवायला शिकला.