नदीच्या स्वाधीन

"ब्रदर लूशियस आज नदीच्या काठाशी उभा आहे," रेव्हरंड मोझलींनी सूर वर नेला, आणि ऐन टिपेला पोचून ते शवपेटीशेजारीच कोसळले.

कुणी घाबरलं नाही. रेव्हरंड बोलता बोलता गाऊ लागत. मग ऑर्गन त्यांच्या ओळीओळीला जबाब देई, बाकांवरून "सांगा, रेव्हरंड, सांगा" अशी साद उठे, आणि कधीकधी पवित्र आत्म्याचा भार देहाला सोसत नसे. असं झालं की पांढऱ्या पोशाखातल्या सेविका पुढे येत. एकीने वारा घालायचा, एकीने गळपट्टी सैल करायची, एकीने बूट काढायचे. बूट काढण्याचं काम बावीस वर्षं अर्लीन टॉलिव्हरकडे होतं.

आज ती काळ्या कपड्यांत पहिल्या बाकावर होती. पेटीत तिचा नवरा होता. पण तिच्या जागी पुढे आलेल्या म्हाताऱ्या हॅटीचे गुडघे वाकेनात, तशी अर्लीन उठली.

"तू बस गं बाई. आज तरी बस," हॅटी कुजबुजली.

"बसून काय करू, हॅटी? माझेच तर हात मोकळे झालेत."

लूशियस न्हावी होता. त्याच्या दुकानासमोरचं औषधांचं दुकान लुटलं गेलं, त्याच आठवड्यात त्याने आखूड नळीचं, स्वस्तातलं स्वस्त रिव्हॉल्व्हर आणलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

"एवढंसं आहे. एप्रनच्या खिशात मावतं, कुणाला दिसत नाही. मध्येच अडकत नाही. चाप ओढला की झालं."

"चाप बघ किती घट्ट आहे. तुझी वाकडी बोटं तो ओढेपर्यंत चोर घरी जाऊन जेवून येईल," अर्लीन म्हणाली. "अन् गोळ्या पाच. नळी माझ्या करंगळीएवढी. नेम धरशील चोरावर, फुटेल आपलाच आरसा."

"आवाज तर होईल? निम्मे चोर आवाजानेच पळतात."

"आणि उरलेले निम्मे?"

लूशियस हसला होता. केसांच्या तेलाने त्याचे हात कायम बुळबुळीत, मूठ निसटायची. शेवटी तिनेच आपल्या सेविकेच्या औषधपेटीतली पांढरी चिकटपट्टी काढून मुठीला गुंडाळली. जखमेला गुंडाळतात तशी, फुलीवर फुली.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी रेव्हरंडांनी, येशूला वाचवायला पेत्राने उपसलेल्या तरवारीवर प्रवचन केलं. त्या दिवशी गळा असा लागला होता की खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. "पाच गोळ्यांवर भरवसा ठेवशील, की क्रुसावरच्या प्रभूच्या पाच जखमांवर?" हेच ध्रुपद ते पुन्हा पुन्हा घोळवत होते. अर्लीनच्या डोळ्यांना धार लागली. तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"जा लूशियस. ठेव ते वेदीवर."

तो गेला, कोटाच्या खिशातलं रिव्हॉल्व्हर काढून वेदीवर ठेवलं. रेव्हरंडांनी ते दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं. "याने माणूस वाचत नाही, ब्रदर. वाचेन असं नुसतं वाटतं. उद्या सकाळी मी स्वतः पुलावर जाऊन हे नदीच्या स्वाधीन करतो." सारं चर्च टाळ्या पिटत उभं राहिलं.

घरी जाताना लूशियस एवढंच म्हणाला, "तुझ्या शब्दाखातर ठेवलं हं. रेव्हरंडांच्या नव्हे."

सात आठवड्यांनी भर दुपारी एक माणूस बंदूक घेऊन त्याच्या दुकानात शिरला. लूशियसच्या हातात कंगवा होता.

रिव्हॉल्व्हर असतं तर तो वाचला असता? घट्ट चाप, वाकडी बोटं. कुणाला ठाऊक. अर्लीन पाच दिवस स्वतःला हेच विचारत होती आणि पाच दिवस एकाच गोष्टीला धरून होती, की ते नदीच्या तळाशी आहे, प्रभूला हवं होतं तिथे.

ती गुडघ्यांवर बसली. रेव्हरंडांचा डावा बूट काढला. उजव्याची नाडी सोडताना मोज्याच्या वर हाताला काहीतरी कडक लागलं. तिने विजारीचा काठ वर सरकवला. घोट्याला कातडी पट्टा होता, आणि पट्ट्यात ते. मुठीवरची पट्टी आता मळली होती. फुलीवर फुली.

ऑर्गन हळू वाजत राहिला. अर्लीनने विजारीचा काठ खाली ओढला. उजव्या बुटाची नाडी पुन्हा बांधली, घट्ट, दोन गाठींची. मग डावा बूट पायात चढवू लागली.

"अगं, काढायचे असतात," हॅटी पुटपुटली.

रेव्हरंडांनी डोळे उघडले. कपाळावरचा घाम पुसत त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कुठवर आलो होतो मी, सिस्टर अर्लीन?"

"नदीपर्यंत, रेव्हरंड," ती म्हणाली. "फेकायचं तेवढं राहिलं."