दोघींच्या कवळ्या

बेसिनजवळची निळी डबी रिकामी होती.

तिने ती उलटी करून आपटलीसुद्धा. स्वयंपाकाची चव बघण्याआधी तिने स्वतःच्या हाताने रिटेनर काढून त्यात ठेवला होता. दातांवर चपखल बसणारा पारदर्शक साचा, नखाएवढ्या जाडीचा. दात सरळ करणाऱ्या तारा निघाल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, जेवताना तेवढा काढायचा, एरवी दिवसरात्र दातांवर. "दातांना जुनी जागा आठवते. पहारा उठला की निघाले परत."

जेवणाच्या टेबलाशी नवऱ्याच्या ऑफिसमधले दोन मित्र बसले होते, एक लठ्ठ, एक चष्मेवाला. नवरा रंगात आला होता.

"माझा रिटेनर कुणी उचलला?" तिने दारातूनच विचारलं.

"कवळी म्हण की सरळ!" नवरा म्हणाला आणि मित्रांकडे वळला. "आमच्याकडे दोन कवळ्या आहेत. एक आईची, एक हिची. बाईसाहेबांना चाळिशीत दात सरळ करायची हौस आली."

"बरंच आहे की," लठ्ठ मित्र म्हणाला. "सासू-सुनेचं भांडण मिटलं. दोघी मिळून तुलाच चावतील."

तिघांनी दात काढले. तिला हसू आलं नव्हतं, तरी तिचा हात सवयीने तोंडावर गेला. ती कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना ओठ मिटूनच बोलायचं, हसायचं ते हाताआड, यातच तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. तारांनी दात सरळ केले तेव्हा कुठे तो हात खाली आला होता. आता मेला परत जागेवर. तिला त्या हाताचाच राग आला आणि तिने तो खाली ओढला.

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. पाहुण्यांचं झाल्यावर जेवायचं म्हणून त्यांनी अजून दात घातले नव्हते. एक हात तोंडावर होता, दुसऱ्या हातात स्टीलचं वाडगं. वाडग्यातून वाफ निघत होती.

"अगं, ही बघ इथे आहे तुझी कवळी," त्या हाताआडून म्हणाल्या. "माझ्याबरोबर तुझीही धुऊन काढली. चांगल्या कडकडीत पाण्यातून. माझी मी अशीच धुते, तिला कधी काही झालं नाही."

वाडग्यात सासूबाईंची गुलाबी कवळी धडधाकट होती. शेजारी काहीतरी पारदर्शक, आकसलेलं, मुडपलेलं पडलं होतं. तिने ते उचलून दातांवर दाबून पाहिलं. एका बाजूला बसेचना, दुसऱ्या बाजूला हिरडीत रुतलं.

"आई, कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला?"

आवाज चढलाच. सासूबाई बावरल्या.

"सकाळी हाच नाही का म्हणाला? 'आई, तुम्हा दोघींच्या कवळ्या एकदमच आंघोळीला घाल.' मला वाटलं, कधी नव्हे ती बायकोची काळजी आली याला. काय झालं गं? बिघडली का?"

चष्मेवाला हसायला गेला आणि मध्येच खोकला.

"अगं, मी गंमत केली होती," नवरा म्हणाला. "आईने खरंच घातली, त्याला मी काय करू?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाईंवर ओरडायला उघडलेलं तोंड तिने नवऱ्याकडे वळवलं. तारा बसवल्या त्या दिवशी घास चावेना म्हणून ती रडत बसली होती, तेव्हा याच बाईंनी जेवण कुस्करून पुढे ठेवलं होतं. म्हणाल्या होत्या, "हसतील त्यांचे दात दिसतील. तू कशाला लाजतेस?" घरात त्या दिवसांत न हसलेलं तेवढं एकच माणूस होतं.

"गरम पाण्याने हा वाकतो, हे आईंना माहीत नव्हतं," ती नवऱ्याला म्हणाली. "तुला होतं. डॉक्टरीणबाई सांगत होत्या तेव्हा तू शेजारच्या खुर्चीत बसून मान डोलावत होतास."

"राईचा पर्वत करू नकोस. दुसरी कवळी करून घेऊ."

तिने पुढे होऊन तो वाकडा रिटेनर नवऱ्याच्या ताटात, अन्नाच्या मधोमध ठेवला.

"घाल तोंडात. कवळी म्हणून बारसं तूच केलंस ना? मग बसते का बघ."

"पाहुण्यांसमोर तमाशा नकोय मला."

"सुरुवात पाहुण्यांसमोर तूच केलीस. शेवटही इथेच होईल."

"आई, तू तरी सांग हिला. एका कवळीवरून एवढं..."

"कवळीवरून काय रे?" सासूबाईंनी वाडगं टेबलावर ठेवलं. "मगाशी आत हसणं ऐकू येत होतं. ते माझ्याही कवळीवरून होतं का?"

नवऱ्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला. लठ्ठ मित्र मान खाली घालून ताटात बघू लागला. सासूबाईंना उत्तर मिळालं.

मग त्यांनी तोंडावरचा हात काढला. परक्या माणसांपुढे त्यांनी तो आजवर कधी काढला नव्हता. आत गेलेले ओठ आणि पार रिकामं तोंड सगळ्यांना दिसलं.

"हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात," त्या म्हणाल्या. शब्द बोबडे होते, पण एकूणएक कळले. "दाखव की आता तुझे."

नवऱ्याने ओठ घट्ट मिटले.

तिने वाडग्यातली सासूबाईंची कवळी उचलली, नळाखाली धरून गार केली आणि त्यांच्या हातात दिली.

"घाला आई. आपण दोघी जेवायला बसू."

आणि तिने दोन ताटं घेतली. वाकडा रिटेनर नवऱ्याच्या ताटात तसाच राहिला.