पहिला गियर
महिपतची लढाईनंतर लष्कराने मोडीत काढलेली फटफटी सपाटीला गुमान चालायची, पण चढावर पहिला गियर सुटायचा आणि इंजिन मोकळंच किंचाळायचं. मुंबईच्या गॅरेजात राबलेल्या थोरल्या भावाने, भागोजीने, पोलादपूरच्या अंगणात क्लच तपासला, तारा ताणल्या, शेवटी टाकीजवळच्या गियरच्या दांड्यावर बोट फिरवलं. दृष्ट लागू नये म्हणून आईने तिथे बांधलेल्या काळ्या दोऱ्याची गाठ खाचेत अडकल्याने दांडा पुरता बसत नव्हता. त्याने दोरा कापला. दांडा खटकन बसला. “ब्रेक नावालाच हाय. आंबेनळीच्या घाटात गियर सुटला, तर मागं दरीच हाय, महिपत.” भागोजी ओढ्यावर हात धुऊन परतला, तर महिपत निघालेला. आई घाटाकडे हात जोडून उभी. “तू कापलास, पन त्यो सामान बांधीत व्हता तेवढ्यात मी नवा बांधला. चांगल्या दोन गाठी मारल्या.” वर वळणावर इंजिन मोकळंच किंचाळलं.