सातशे केबीचे धुके

प्रदर्शनासाठी फोटो पाठवण्याची मुदत संध्याकाळी सहाला संपत होती आणि पाच एमबीहून लहान फाइल छायाचित्र मंडळ स्वीकारणार नव्हते. बोरीवलीच्या अनंतरावांनी नॅशनल पार्कात टिपलेले धुके मात्र कितीही वेळा एक्स्पोर्ट केले तरी सातशे केबीच्या पुढे जाईना. क्वालिटी शंभर टक्के, आकार पूर्ण. सारे तपासून झाले होते. जगाचा सगळा पसारा वगळून साधलेला तो फोटो त्यांच्या निवृत्तीनंतरच्या साधनेचा कळस होता. तेव्हा दोष अर्थातच सॉफ्टवेअरचा, असा निर्वाळा देऊन त्यांनी लेकीला हाक मारली.

गंधालीने त्यांचाच कॅमेरा गॅलरीकडे रोखला, एक फोटो काढला आणि त्याच सेटिंगवर एक्स्पोर्ट केला. फाइल भरली चौदा एमबी.

"सॉफ्टवेअर एकदम ओके आहे, बाबा. फोटोत जेवढे बारीक तपशील, तेवढी फाइल मोठी. तुझ्या धुक्यात साठवायला काही नाहीच आहे ना!"

"अगं, तीच तर त्यातली कला!"

"असेल. पण ती जागा खात नाही."

अनंतराव बराच वेळ तिने काढलेला फोटो न्याहाळत राहिले. कुंड्या, कबुतरांची जाळी, दोरीवर त्यांचेच सहा शर्ट आणि सातवा झटकणारी त्यांची बायको जयंती. मग ते कॅमेरा घेऊन गॅलरीत गेले.

त्यांना पाहताच जयंतीबाईंनी बादली उचलली. "थांबा हं, आधी मी फोटोतून बाजूला होते."