चिकटपट्टी

कॉलेजातल्या मित्राने कॅसेट भरून दिली, तेव्हाच वैजयंतीने तिच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडला होता, गाण्यांवर कुणी दुसरं काही रेकॉर्ड करू नये म्हणून. आज माळा आवरताना कॅसेट सापडली, तर तुकडा मोडून पडलेल्या भोकावर चिकटपट्टी, म्हणजे रेकॉर्डिंगची वाट पुन्हा मोकळी.

"अहो, ही तुम्ही लावलीत?"

"मग? त्याची गाणी माझ्या घरात कशाला?" नवऱ्याने पेपरातून डोकंही काढलं नाही. "लग्न झाल्या झाल्याच पुसली. टेपचा माईक चालू केला नि पाऊण तास गप्प बसलो."

"तेवढं एकदाच जमलं तुम्हाला."

तिने कॅसेट लावली. खरखर, कुकरची शिट्टी, आणि मागे स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता गुणगुणणारी बावीस वर्षांची ती स्वतः. तीच सगळी गाणी, त्याच क्रमाने.

"बंद कर ते."

वैजयंतीने आवाज वाढवला, नखाने सोललेली चिकटपट्टी त्याच्या पेपरावर डकवली.

"आता पुसा."